थिबा राजाचा अर्ज

इंग्रजी अमदानीतली नस्ती शेवटाकडून वाचावी, असं माझं मत झालंय. शेवटी आद्याक्षरातली सही आणि संमतीचा एखादा शब्द. कशाला संमती, हे शोधायला पानं मागे उलटत जावं, तर निर्णय बहुधा पहिल्याच टिपणीत, कारकुनाच्या तिरप्या अक्षरात होऊन गेलेला असतो.

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या गाऱ्हाण्यांचा प्रवास असाच. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याला मंडालेत पकडलं आणि मद्रासमार्गे पुढच्या एप्रिलात रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याच्या पत्रावर नाव व्हाइसरॉयचं असलं, तरी ते जायचं पहाऱ्यावरच्या पोलिस अधिकाऱ्याच्या हातून. त्याचा अभिप्राय जोडून ते मुंबई सरकारच्या राजकीय खात्याकडे, तिथून परराष्ट्र खात्याकडे; ते खातं उन्हाळ्यात सिमल्याला, थंडीत कलकत्त्याला. मग रंगूनच्या, म्हणजे ब्रह्मदेशातल्या इंग्रज सरकारचं मत. पावसाळ्यात रत्नागिरीच्या बोटीच बंद! (आजही मंत्रालयात ‘अभिप्रायार्थ’ असा शेरा पडला की जाणता माणूस चहा मागवतो.)

या वाटेवर अर्ज बारीक होत जातो. चार पानांची कैफियत टिपणीत चार ओळींची होते. राजाने मांडलेला मानापमान गळतो, मागणी उरते: तनखा वाढवा, सावकाराचं देणं भागवा, राहायला नीट घर द्या. मोठा साहेब वाचतो ते या चार ओळी. नकार द्यायचीही फारशी गरज पडत नाही, आणखी एका कचेरीचं मत मागवलं की झालं. त्या घरात, म्हणजे थिबा पॅलेसमध्ये, राजा राहायला गेला तो १९१०त. तोवर चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत गेली होती.

मुलींच्या लग्नांचं तेच. राजाला जावई राजघराण्यातलाच हवा, सरकारने ब्रह्मदेशात चौकशी करायची, जमायचं काही नाही. चारही राजकन्या घरातच मोठ्या होत राहिल्या. सरकारच्या हातात काळ होता, मुलींच्या हातात नव्हता. या दिरंगाईला मी निव्वळ आळस म्हणणार नाही. आळशी कचेरी इतके जावक क्रमांक घालत नाही.

राजाच्या ‘ङा मौक’ नावाच्या माणकाचा दावाही असाच लोंबकळला. अटकेच्या वेळी ते आपण इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडनकडे सांभाळायला दिलं, असं राजाचं म्हणणं. स्लेडन १८९०त वारला. माणिक सापडलं नाही.

१९१६च्या डिसेंबरात राजा गेला. आता अर्जदार राणी सुपयालत: शव मायदेशी नेऊ द्या. या एका मागणीवर सरकार ढळलं नाही. राजाची समाधी ब्रह्मदेशात झाली, तर लोक तिथे जमतील, ही धास्ती होती. १९१९त रत्नागिरीतच समाधी बांधून शव आत ठेवलं गेलं. त्याच वर्षी राणीला परतीची परवानगी मिळाली, रंगूनपुरती. १९२५त ती तिथेच वारली. मंडालेत दफनाची परवानगी तिलाही मिळाली नाही.