म्युऑनचा हिशेब

३ जून २०२५ रोजी अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेने म्युऑन या मूलकणाच्या चुंबकीय गुणधर्माचं अखेरचं मोजमाप जाहीर केलं. त्याच सुमारास जगभरच्या सिद्धान्तकारांनी आपला सुधारित आकडा मांडला. दोन्ही जुळले, आणि वीसेक वर्षं गाजलेली तफावत जवळजवळ नाहीशी झाली. नवा कण सापडेल या आशेवर असलेले अनेकजण हिरमुसले. मला मात्र हा सैद्धान्तिक भौतिकीचा अलीकडचा सर्वांत मोलाचा अध्याय वाटतो.

म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा भाऊबंद, पण त्याच्याहून २०७ पट जड आणि जेमतेम २.२ मायक्रोसेकंद जगणारा. चुंबकीय क्षेत्रात तो भोवऱ्यासारखा डुलतो आणि हे डुलणं g या संख्येवर अवलंबून असतं. डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणानुसार g बरोब्बर २ यायला हवा. पण निर्वात पोकळीही पूर्ण रिकामी नसते. कण फोटॉन सोडतो, परत घेतो. आभासी कणांच्या जोड्या उपजतात आणि विरतात. त्यामुळे g किंचित वाढतो. ही वाढ मूळ २ च्या किती पट आहे, तो आकडा सगळे मोजतात. त्याचा पहिला हिस्सा, म्हणजे साधारण ०.००११६, ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ साली काढला. ते सूत्र त्यांच्या समाधीवरही कोरलेलं आहे.

पोकळीतल्या जड कणांचा परिणाम म्युऑनवर इलेक्ट्रॉनच्या मानाने सुमारे ४३,००० पट अधिक होतो. म्हणूनच अज्ञात कणांचा माग काढायला म्युऑन सोयीचा. मात्र त्यासाठी ज्ञात कणांचा हिशेब आधी चोख हवा. विद्युतचुंबकीय भाग तोइचिरो किनोशिता आणि सहकाऱ्यांनी पाचव्या पायरीपर्यंत नेला. २०१२ साली पूर्ण झालेल्या त्या पायरीत १२,६७२ फाइनमन आकृत्या मोजाव्या लागल्या.

खरी अडचण क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांची. कमी ऊर्जेला त्यांचं बल इतकं तीव्र होतं की पायरी-पायरीने गणित करण्याची पद्धत चालत नाही. मग दोन वाटा उरतात. पहिलीत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवून किती वेळा पायॉन हे क्वार्कांचे बनलेले कण निर्माण होतात ते मोजायचं आणि त्या मोजणीवरून पोकळीतल्या क्वार्कांचा वाटा काढायचा. इथे मुंबईच्या होमी भाभांचं काम रोज उपयोगी पडतं. या दोन कणांच्या परस्पर विकिरणाचं सूत्र त्यांनी १९३० च्या दशकात दिलं, आणि एकूण किती टकरी झाल्या हे ठरवायला आजही 'भाभा विकिरण' हाच आधार घेतात.

दुसरी वाट केनेथ विल्सन यांनी १९७४ साली दाखवली. अवकाश आणि काळ यांची चौमिती जाळी कल्पायची, गाठींवर क्वार्क आणि दुव्यांवर ग्लुऑन ठेवायचे, आणि मूळ समीकरणं महासंगणकावर सोडवायची. दोन गाठींमधलं अंतर प्रोटॉनच्या आकाराच्या लहानशा अंशाएवढं असतं. ते आणखी कमी करत गणित पुन्हा पुन्हा करायचं आणि अंतर शून्य झालं तर उत्तर काय येईल, ते त्या ओघावरून ठरवायचं.

२०२० साली सिद्धान्तकारांनी पहिल्या वाटेने ०.००११६५९१८१० हा आकडा निश्चित केला. ७ एप्रिल २०२१ रोजी फर्मिलॅबचा पहिला निकाल आला आणि ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या जुन्या म्युऑन प्रयोगासह तफावत ४.२ सिग्मांवर, म्हणजे अनिश्चिततेच्या ४.२ पट, गेली. नव्या कणांची भाकितं करणारे शोधनिबंध धडाधड आले. पण त्याच दिवशी 'नेचर'मध्ये बुडापेस्ट-मार्सेल-वुपर्टाल गटाचं जाळीवरचं गणितही छापून आलं, आणि ते प्रयोगाच्या बरंच जवळ होतं. एका गटाच्या उत्तरावर विसंबणं धोक्याचं, म्हणून इतर गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी ते तपासलं. उत्तर टिकलं. २०२३ मध्ये रशियातल्या नोव्होसिबिर्स्क इथल्या सीएमडी-३ प्रयोगात पायॉनांचं प्रमाण आधीच्या मोजण्यांपेक्षा जास्त निघालं, तेव्हा पहिल्या वाटेचीच माहिती एकमेकींशी जुळत नाही हे उघड झालं.

अखेर २०२५ मध्ये सिद्धान्तकारांनी क्वार्कांच्या या मुख्य हिश्श्यासाठी जाळीचा आधार घेतला. नवा आकडा ०.००११६५९२०३३, प्रयोगांची सरासरी ०.००११६५९२०७१५. दोहोंतला फरक अनिश्चिततेच्या आतच आहे.

म्हणजे प्रश्न संपला का? मुळीच नाही. मोजमाप आता सिद्धान्ताहून चौपट नेमकं आहे, म्हणजे पुढचं पाऊल सिद्धान्ताने टाकायचं आहे. पायॉनांच्या जुन्या आणि नव्या मोजण्या का जुळत नाहीत, हे अजून उलगडलेलं नाही. म्युऑन इलेक्ट्रॉनांवर आदळवून क्वार्कांचा हाच हिस्सा तिसऱ्या वाटेने मोजण्याची सर्नमध्ये तयारी चालू आहे, आणि जपानच्या जे-पार्कमध्ये संपूर्ण वेगळ्या रचनेचा प्रयोग उभा राहतो आहे.

सनसनाटी निष्कर्ष हाताशी असताना आपल्याच गणितावर शंका घेण्याचा प्रामाणिकपणा या लोकांनी दाखवला. उद्या खरोखर नवा कण दिसला, तर त्यावर विश्वास ठेवता येईल तो याच शिस्तीमुळे. भौतिकशास्त्राकडे वळणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा हिशेब जरूर अभ्यासावा. तो अजून पुरा व्हायचा आहे.