एका तारेवरचा पाहुणा

दिवाळी अंकाबरोबर वाचकाला काहीतरी भेट द्यावी, ही पद्धत आपल्याला नवी नाही. कधी दिनदर्शिका येते, कधी रांगोळ्यांची पुस्तिका, तर कधी उटण्याची पुडी. पण मासिकाच्या मुखपृष्ठावर चक्क एक संगणक चिकटवून दिल्याचे आपण ऐकले आहे काय? इंग्लंडातल्या ‘मॅगपाय’ मासिकाने हा पराक्रम केला. २६ नोव्हेंबर २०१५ रोजी बाजारात आलेल्या त्याच्या ४० व्या अंकाबरोबर ‘रास्पबेरी पाय झीरो’ हा संगणक वाचकांना फुकट मिळाला. अंक हातोहात खपला, हे सांगायला नकोच. सुटा घेतला तरी त्याची किंमत तेव्हा अवघी ५ डॉलर होती.

लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३० मिलिमीटर आणि वजन सुमारे ९ ग्रॅम! म्हणजे काडेपेटीहून किंचित लांब, किंचित अरुंद आणि पुष्कळच चपटा. पण म्हणून त्याला खेळणे समजू नये. त्या हिरव्या पट्टीवर प्रोसेसर आहे, ५१२ मेगाबाइट स्मृती आहे, आणि नखाएवढ्या कार्डावर त्याचा सारा संसार मावतो. त्याला पेटी नाही, पडदा नाही, कळफलक नाही, एवढेच.

मोडण्याची मुभा

असे यंत्र कोणाला सुचले, आणि का? गोष्ट केंब्रिजची आहे. २००६ च्या सुमारास तिथल्या विद्यापीठात एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की, संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या रोडावते आहे आणि येणाऱ्यांची पूर्वतयारीही कमी पडते आहे. १९८१ साली निघालेल्या ‘बीबीसी मायक्रो’ या यंत्रावर एक पिढी घरच्या घरी प्रोग्रॅम लिहायला शिकली होती. पुढे घरोघर संगणक आले. पण ते वडिलांच्या कामाचे आणि आईच्या कागदपत्रांचे. त्यांत मुलाने खुडबूड केलेली कोणाला चालणार? तेव्हा मुलाने बिघडवला तरी कोणाच्या कपाळाला आठी पडणार नाही, असा स्वस्त संगणक हवा, या विचारातून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला ‘रास्पबेरी पाय’ विक्रीस आला. झीरो हे त्याचे धाकटे भावंड.

हा विचार मला मनापासून पटतो, कारण माझ्या बहिणीच्या घरी नेमके हेच दृश्य आहे. दिवाणखान्यात एकच संगणक, त्यात भावोजींचे सगळे हिशेब. माझी भाची मुक्ता सातवीत आहे, बोटे भारी चौकस! पण ती संगणकाजवळ गेली रे गेली की घरातून हाक येते, “मुक्ते, कशाला हात लावू नकोस!” शेवटी मी तिला एक झीरो नेऊन दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “मामा, याला पडदा कुठे आहे?”

पोरीने बरोबर वर्मावर बोट ठेवले. पडद्यासाठी वेगळ्या मापाची जोडणी, कळफलकासाठी आणखी एक, शिवाय वीज पुरवणारा चार्जर. हे सारे घ्यायचे तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पण पडदा आणि कळफलक घरातल्या मोठ्या संगणकाला आहेतच. मग धाकट्याने ते थोरल्याकडून उसने का घेऊ नयेत? त्यासाठी यूएसबीची एक तार पुरते.

यजमान आणि पाहुणा

ही यूएसबी म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. १९९० च्या दशकात संगणकाच्या पाठीमागे भोकांची जत्रा असे. प्रिंटरचे वेगळे, कळफलकाचे वेगळे, माउसचे वेगळे. सगळ्यांसाठी एकच जोडणी करावी, असा ध्यास ज्यांनी घेतला त्यांत इंटेलचे अभियंते अजय भट्ट हे प्रमुख. त्यांचे शिक्षण बडोद्याचे, सयाजीराव महाराजांचे नाव मिरवणाऱ्या विद्यापीठातले. सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये या जोडणीची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली.

त्या पहिल्या यूएसबीच्या पोटात मुळात चारच तारा. दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. नियम मात्र आपल्याकडच्या जुन्या घरांसारखे कडक. जोडणीच्या एका टोकाला यजमान, दुसऱ्या टोकाला पाहुणा. आधी बोलायचे ते यजमानानेच. पाहुण्याने विचारल्यावाचून तोंड उघडायचे नाही. तार खुपसली की यजमान विचारतो, “आपण कोण? घराणे कोणते? काय काम करता?” पाहुणा सांगतो, “मी माउस,” किंवा “मी प्रिंटर.” यजमान त्याला एक क्रमांक देतो, त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर उठवतो आणि व्यवहार सुरू होतो. एका यजमानाच्या पंगतीला जास्तीत जास्त १२७ पाने मांडता येतात.

आता पेच असा की, संगणक हा एरवी यजमान. दोन यजमान एका तारेवर आणले तर दोघेही विचारीत राहायचे, उत्तर कोणी द्यायचे? झीरोची खुबी इथेच आहे. त्याच्या चिपमध्ये दोन्ही भूमिका वठवण्याची सोय आहे. आपला मोबाइल नाही का, पेन ड्राइव्ह लावला की यजमान होतो आणि संगणकाला जोडला की पाहुणा? तसेच. मात्र सर्वच भावंडांना हे जमत नाही. ‘पाय ३ बी’च्या पट्टीवर मध्ये एक वाटणी करणारी चिप बसवलेली असल्यामुळे त्याला पाहुणा होता येत नाही.

पाहुण्याची तयारी

कृती सोपी आहे, पण फराळाच्या कृतीप्रमाणे तिच्यातही तीन-चार खुणा सांभाळाव्या लागतात.

पहिली खूण तारेची. बाजारात काही तारा नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यांत निरोपाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा तारेने झीरोचा दिवा लागेल, पण मोठ्या संगणकाला पाहुणा आल्याचे कळणारसुद्धा नाही. दुसरी खूण भोकाची. झीरोवर एकसारखी दिसणारी दोन भोके आहेत. काठाकडचे फक्त विजेचे. आतल्या बाजूचे, ज्याच्याजवळ ‘यूएसबी’ असे छापले आहे, ते आपल्याला हवे. त्यातून वीज आणि निरोप दोन्ही जातात. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमाप्रमाणे यजमान पाहुण्याला ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतो. झीरोची भूक त्यात भागते.

तिसरी खूण कार्डाची. कार्यप्रणाली कार्डावर उतरवतानाच वापरणाऱ्याचे नाव, परवलीचा शब्द आणि एसएसएच, म्हणजे दुरून आत येण्याची वाट, यांची नोंद करून ठेवावी. मग त्याच कार्डावरच्या ‘कॉन्फिग’ फाइलीत ‘डीडब्ल्यूसी२’ची ओळ लिहायची, ती झीरोला पाहुणा होण्याची परवानगी देते. ‘सीएमडीलाइन’ फाइलीत ‘डीडब्ल्यूसी२’ आणि ‘जी-ईथर’ ही नावे घालायची. त्यांतले दुसरे नाव पाहुण्याला “मी नेटवर्क कार्ड आहे” असे म्हणायला शिकवते. ही दुसरी फाइल एकाच ओळीची असते. मध्येच एंटर दाबून तिच्या दोन ओळी केल्या, तर संगणक नीट उठणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासूनच्या कार्यप्रणालीत नेटवर्क सांभाळणारा कारभारी बदलला आहे, म्हणून या वाटेवर पत्ता आपला आपण घेण्याची जादा सूचना त्याला द्यावी लागते.

एवढे करून कार्ड बसवावे, तार जोडावी आणि दीड-दोन मिनिटे धीर धरावा. यजमान लिनक्सवर चालत असेल तर बहुधा तो पाहुण्याला आपणहून ओळखतो. विंडोज मात्र कधीकधी त्याला भलतेच काही समजते, तेव्हा ड्रायव्हर हाताने निवडावा लागतो. मग मोठ्या संगणकाच्या पडद्यावर एक काळी चौकट उघडते. तिच्यात जे टंकावे ते घडते धाकट्याच्या पोटात! भावोजींचे हिशेब थोरल्याच्या डिस्कवर जागच्या जागी राहतात. मोठ्या संगणकाला इंटरनेट असेल, तर तेही याच तारेतून पाहुण्याला वाटून देता येते.

पाहुणा खोटे बोलला तर?

हे सारे मी समजावून सांगत असताना ताई भाजी निवडीत ऐकत होती. ती म्हणाली, “अरे, पण पाहुणा खोटे बोलला तर? यजमान त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणार, असेच ना?”

अगदी असेच. “मी नेटवर्क कार्ड,” असे झीरोने म्हटले आणि यजमानाने ते मानले, त्यावरच आपली सगळी सोय उभी आहे. उद्या पेन ड्राइव्हच्या वेषातल्या एखाद्या यंत्राने “मी कळफलक” असे म्हटले, तर यजमान तेही मानील आणि ते यंत्र जे टंकील ते आपण टंकल्याप्रमाणे घडेल. २०१४ साली कार्स्टन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी ‘बॅडयूएसबी’ या नावाने हे जगापुढे मांडले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सॅमी कामकर यांनी तर याच पाच डॉलरच्या झीरोला नेटवर्क कार्ड बनवून, कुलूपबंद पडद्याच्या संगणकातूनही उघड्या ब्राउझरमधली ओळखपत्रे काढून घेता येतात, हे दाखवून दिले.

म्हणून वाटेत सापडलेला पेन ड्राइव्ह “बघू तरी काय आहे” म्हणून घरच्या संगणकाला लावू नये. ज्याची तयारी आपल्या डोळ्यांसमोर झाली, तोच पाहुणा घरात घ्यावा. मुलांना हा नियम जोडणी शिकवण्याच्या आधी शिकवावा. आणि निघतानाचा शिष्टाचारही: बंद होण्याची आज्ञा द्यावी, दिवा विझू द्यावा, मगच तार काढावी. लिहिणे चालू असताना तार ओढली तर कार्डावरचा मजकूर बिघडू शकतो.

मुक्ताने पहिल्या आठवड्यात कार्यप्रणालीच्या कोणत्याशा फाइली पुसून टाकल्या आणि पाहुणा उठेनासा झाला. ती रडवेली होऊन भावोजींकडे गेली. त्यांनी आपला हिशेब उघडून पाहिला. पै न् पै जागेवर होती. मग दोघांनी मिळून कार्डावर नवी कार्यप्रणाली उतरवली. आता मुक्ता त्या झीरोवर एक चिमुकला दिवा तिच्या मर्जीप्रमाणे उघडझाप करवते. त्या घरातून हल्ली “हात लावू नकोस” ही हाक येत नाही. हाक येते ती अशी: “मुक्ते, तार काढण्याआधी बंद केलास ना?”