उलाळ, धुरजड आणि उटी : मोटारी वाहून नेणाऱ्या गाडीची भरणी

बैलगाडी हाकणाऱ्यांच्या मराठीत भरणीविषयी दोन नेमके शब्द आहेत. आसाच्या मागे भार अधिक झाला म्हणजे गाडी ‘उलाळ’ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. आसाच्या पुढे भार अधिक झाला म्हणजे ती ‘धुरजड’ होते. सारे ओझे बैलांच्या मानेवर येते. भार किती आहे यापेक्षा तो कोठे ठेवला आहे, याचा विचार या शब्दांत साठविलेला आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गावर नव्या मोटारी वाहून नेणाऱ्या ज्या लांबलचक गाड्या दिसतात, त्यांच्या भरणीचे शास्त्र समजून घेण्यास हे शब्द आजही पुरेसे उपयोगी पडतात.

चाकण व पिंपरी येथे, तसेच बंगळूरजवळील बिडदी येथे मोटारींचे मोठे कारखाने आहेत. या दोहोंमधील रस्ता सातारा, कराड, कासेगाव व पेठ या गावांवरून जातो. रस्त्यावरच्या भाषेत ज्याला ‘कार कॅरियर’ म्हणतात, ते वाहन वस्तुतः दोन भागांचे असते. पुढे ओढणारा ट्रॅक्टर, मागे दुमजली अर्धट्रेलर. अर्धट्रेलरचे पुढचे टोक ट्रॅक्टरच्या पाठीवर टेकलेले असते आणि मागचा भार त्याच्या स्वतःच्या आसांवर असतो. बैलगाडीच्या जुवाची जागा येथे या टेकणाने घेतली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

उसाची गाडी आणि मोटारींची गाडी यांत एक मूलभूत फरक आहे. ऊस भरताना वजनाची मर्यादा लवकर गाठली जाते. लहान मोटारीचे वजन मात्र सुमारे एक ते सव्वा टन असते. आठ मोटारी चढविल्या तरी भार दहा टनांच्या आतबाहेरच राहतो. तेव्हा येथे वजनाआधी जागा संपते, आणि मोह होतो तो मापे वाढविण्याचा. म्हणूनच या गाड्यांच्या बाबतीत लांबी, रुंदी व उंची यांचे नियम विशेष महत्त्वाचे ठरतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९३ व्या नियमात ही मापे दिलेली आहेत. रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक असता कामा नये. अर्धट्रेलरसह एकूण लांबीची मर्यादा १८.७५ मीटर आहे. सामान्य मालमोटारीच्या उंचीची मर्यादा २०२० साली ३.८ वरून ४ मीटर करण्यात आली. मोटारी वाहून नेणाऱ्या ट्रेलरना तीपेक्षा काही अधिक मुभा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, माल बाजूंस, पुढे, मागे वा उंचीत मर्यादेबाहेर गेल्यास वीस हजार रुपये दंड होतो, आणि तो माल उतरविण्याचा खर्चही द्यावा लागतो.

मापे पाळली म्हणजे भरणी निर्दोष झाली, असे मात्र नाही. जड मोटारी मागच्या टोकाला ठेवल्या तर गाडी उलाळ होते. ट्रॅक्टरच्या ओढणाऱ्या चाकांवरचा दाब कमी होतो आणि खंबाटकीसारख्या चढावर ती चाके जागच्या जागी घसरू लागतात. उलट, जड मोटारी पुढे लोटल्या तर गाडी धुरजड होऊन ट्रॅक्टरचा मागील आस व त्याचे ब्रेक यांवर अवाजवी ताण येतो. शिवाय जड मोटारी वरच्या मजल्यावर गेल्यास गुरुत्वमध्य उंचावतो. वळणावर गाडीला बाहेर लोटणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेग घेतला तर तो दीडपट न होता सव्वादोनपट होतो. म्हणून जड ते खाली व हलके ते वर, हा पहिला नियम होय.

दुसरा प्रश्न उतरविण्याच्या क्रमाचा. जी मोटार प्रथम उतरावयाची ती शेवटी चढवावी लागते. परंतु साताऱ्यात दोन व कराडात एक मोटार उतरली म्हणजे मूळचा समतोल उरत नाही. मागच्या मोटारी गेल्यामुळे सुरुवातीस नीट असलेली गाडी पेठेपर्यंत धुरजड होऊ शकते. तेथून सांगलीकडे वळल्यावर विजेच्या तारा, झाडांच्या फांद्या आणि आखूड वळणे यांशी गाठ पडते. यास्तव भरणीचा आराखडा केवळ निघतानाचा न करता प्रत्येक थांब्यानंतरच्या स्थितीचा करणे आवश्यक असते.

तिसरा विषय बांधणीचा. मोटारीचा हातब्रेक ओढला म्हणजे ती जागची हलणार नाही, असा समज सर्वत्र आढळतो. त्याची परीक्षा साध्या हिशेबाने करता येईल. अमेरिकेतील नियम व युरोपीय मानक यांनुसार, बांधणीने वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेने आणि ०.५ पट जोर बाजूंच्या व मागच्या दिशेने सहन केला पाहिजे. १,२०० किलो वजनाच्या मोटारीस जोराच्या ब्रेकाच्या वेळी पुढे लोटणारा जोर ९६० किलोभार होतो. हातब्रेक बहुधा मागच्या दोन चाकांवरच चालतो. त्यांवर ४८० किलो भार आणि घर्षणांक ०.६ धरला, तर त्यांची पकड २८८ किलोभार भरते. त्यातही ब्रेक लागताच मोटारीचा भार पुढच्या चाकांकडे सरकतो, म्हणजे गरज सर्वाधिक असते त्याच क्षणी ही पकड ढिली पडते. उरलेला ६७२ किलोभार जोर उटी आणि पट्टे यांनीच सोसावयाचा असतो.

‘उटी’ म्हणजे चाकाखाली द्यावयाचा अडसर. घाटात थांबलेल्या गाडीला दगडाची उटी लावतात. येथे ती लोखंडाची व फळीला खिळवलेली असते. पट्टा मोटारीच्या सांगाड्याला न बांधता टायरवरून घेणे श्रेयस्कर. सांगाडा स्प्रिंगांवर खालीवर होतो, त्यामुळे त्याला बांधलेला पट्टा खड्ड्याखड्ड्याला ढिला पडतो. टायर मात्र फळीवरच बसलेला असतो. तरीही काही अंतर गेल्यावर गाडी थांबवून प्रत्येक पट्टा पुन्हा ताणून पाहणे अवश्य आहे.

हा काटेकोरपणा कशासाठी, याचे उत्तर खंबाटकीच्या रस्त्याने दिलेले आहे. बोगद्यातून पुण्याकडे उतरताना लागणारे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाले. एप्रिल २०१८ मध्ये मजुरांना घेऊन जाणारा एक टेम्पो तेथे कोसळून पंधराहून अधिक जणांचा अंत झाला. हे वळण टाळण्यासाठी सहापदरी जुळ्या बोगद्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु रस्ता सरळ झाल्याने भरणीचे दोष नाहीसे होत नाहीत. गाडी उलाळ झाली की बैल अडत, मान झटकत, आणि गाडीवान खाली उतरून ओझे पुढे सरकवी. यंत्र अशी तक्रार करीत नाही. तिची जाणीव भरणाऱ्याने गाडी निघण्यापूर्वीच ठेवावी लागते; कारण चूक त्याची झाली तरी तिची किंमत बहुधा वळणावर शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला मोजावी लागते.