चाल, वेग आणि ब्रेक

नरखेडहून एक गाडी नागपूरकडे निघाली, दुसरी इटारसीकडे. दोहोंची चाल सारखी असली तरी वेग निराळे. कारण वेगात दिशाही येते. वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण.

समजा, ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला गाडीचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरने घटतो. तर सेकंदाला १० मीटर धावणारी गाडी २० सेकंदांत, १०० मीटरांवर थांबेल. २० मीटर धावणारीला ४० सेकंद लागतील, आणि ती ४०० मीटर जाईल. वेळ दुप्पट, सरासरी वेगही दुप्पट. म्हणून अंतर चौपट!

रुळांवर वाकून काम करणाऱ्या गँगमनला इशारा किती आधी मिळावा, हे कोणाच्या मर्जीवर नव्हे, या हिशेबावर ठरले पाहिजे. तो हिशेब गँगमनलाही आला पाहिजे.