टेरिटोरियल आर्मीचा फॉर्म भरला, आता मागे घ्यायचाय?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झाला. हिंजवडीत नोकरी करणारा आपला एक श्रोता म्हणतो, "मे महिन्यात जोशात फॉर्म भरला. लेखी परीक्षा निघाली. आता मुलाखतीचं पत्र आलंय आणि घरात दोन महिन्यांचं बाळ आहे. बायको काही बोलत नाही, तेच जास्त जड जातंय. माघार घेतली तर कारवाई होते का?"

नाही होत. पण "नाही" एवढ्यावर भाग संपवता येणार नाही, कारण माघार कधी घेताय यावर बरंच काही ठरतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. टेरिटोरियल आर्मी म्हणजे प्रादेशिक सेना. १९४८ च्या कायद्याने उभी राहिली, ९ ऑक्टोबर १९४९ ला तिचं उद्घाटन झालं. आपली नोकरी-धंदा सांभाळून वर्षातला काही काळ वर्दी घालायची, आणि बोलावणं आलं की जायचं. पुण्याचा तर तिच्याशी थेट संबंध आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची १०१ टीए बटालियन इथली, आणि दक्षिण कमांडचं टीए ग्रुप मुख्यालयही इथेच. धोनीमुळे नाव माहीत झालं असेल, पण त्याची रँक मानद आहे. तुमची नसेल!

आता २०२५ चं आठवा. ६ मे रोजी केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टीएचे अधिकारी आणि जवान बोलावून घेण्याचे अधिकार दिले. ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ तैनातीसाठी. लगेच १२ मेपासून अधिकारीपदाचे अर्ज सुरू झाले. वातावरण कसं होतं ते वेगळं सांगायला नको. त्या आठवड्यात फॉर्म भरणाऱ्याला मी तरी दोष देणार नाही.

तर माघार. फॉर्म भरलाय, परीक्षा व्हायचीय, तर परीक्षेला जाऊ नका. विषय संपला. ५०० रुपये फी मात्र गेली, ती परत मिळत नाही.

लेखी पास होऊन प्राथमिक मुलाखतीचं, म्हणजे पीआयबीचं पत्र आलं असेल, तरीही तुम्ही फक्त उमेदवार आहात. त्यानंतर एसएसबीचे पाच-एक दिवस, मग वैद्यकीय तपासणी. यातल्या कुठल्याही टप्प्यावर थांबता येतं. पण इथून पुढे न सांगता गायब होऊ नका. त्या वर्षी जागा होत्या फक्त १९. एवढ्या कमी जागांसाठी तुमच्यामागे कुणीतरी उभं आहे, हे विसरू नका. आणि ऑफिसमधून एनओसी घेतली असेल तर तिथेही कळवा, नाहीतर एचआरवाले वर्षभर "काय मेजरसाहेब" करत राहतील.

खरी रेषा आहे कमिशनची. ते मिळाल्यावर तो अर्ज राहत नाही, ती सेवा होते. पहिल्या वर्षी महिनाभराचं मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं, आणि पहिल्या दोन वर्षांत चेन्नईच्या ओटीएमध्ये तीन महिने. ड्युटीवर असताना आर्मी अ‍ॅक्ट लागू. सोडायचं झालं तर राजीनामा द्यावा लागतो आणि तो मंजूर व्हावा लागतो. बोलावणं आल्यावर बाळ लहान आहे हे कारण चालेलच असं नाही.

नोकरी जाईल या एकाच भीतीने मागे फिरत असाल, तर मात्र थांबा. सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परत कामावर घ्यावं अशी तरतूद कायद्यातच आहे. आधी ती वाचा, मग ठरवा.

आपल्या श्रोत्याने शेवटी घरी बोलून माघार घ्यायचं ठरवलं. ईमेलचा मसुदा पाठवला होता, त्यात अर्धं पान नुसती क्षमायाचना. आम्ही तो कापून एवढाच ठेवला: "माझा रोल नंबर अमुक. कौटुंबिक कारणामुळे मी अमुक तारखेच्या मुलाखतीला उपस्थित राहू शकत नाही. कृपया माझी उमेदवारी मागे घेतल्याची नोंद व्हावी." मुलाखतीच्या पत्रावर ज्या कार्यालयाचा पत्ता असतो, तिथेच हे पाठवायचं. आणि पोच जपून ठेवायची.