दोन भाडेकरूंच्या मधले दिवस

बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेचा जिना चढताना महिनोन्महिने कुलूप असलेले एखादे तरी दार दिसते. मालक बहुधा निवृत्त शिक्षक किंवा कारकून. भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून त्याने हे दुसरे घर घेतलेले असते. जुना भाडेकरू गेला, आता नवा ठेवावा की नाही, या संभ्रमात घर धूळ खात पडते. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने, २०११ च्या जनगणनेच्या आधारे, मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी असल्याचे नमूद केले होते. ती सारीच भाड्याने देण्याजोगी नसतील. परंतु निवाऱ्यासाठी माणसे वणवण करतात त्या शहरात हा आकडा अस्वस्थ करणारा आहे.

या कुलपामागे लोभापेक्षा भीती अधिक आहे, आणि त्या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर जखडून ठेवली. त्यातून सुटण्यासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट निघाली. पुढे कायद्यातील दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. अनेक कुटुंबांना त्यामुळे स्थैर्य लाभले, हे खरे. पण ‘घर दिले की गेले’ ही धास्तीही मध्यमवर्गाच्या मनात कायमची बसली.

ती धास्ती आता कालबाह्य झाली आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार, परवान्याची मुदत संपताच राहत्या घराचा ताबा परत द्यावा लागतो. न दिल्यास दुप्पट शुल्काइतकी नुकसानभरपाई द्यावी लागते. मात्र कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून रूढ झाला. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. नोंदणी टाळली, तर वादाच्या वेळी भाडेकरू सांगेल त्याच अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात.

म्हणून दोन भाडेकरूंच्या मधले दिवस भीतीत न दवडता कामी लावले पाहिजेत. जुन्या भाडेकरूसमक्ष घर पाहावे, वीजमापकाचा आकडा लिहून घ्यावा, किल्ल्या मोजून घ्याव्यात, बिले चुकती करावीत. गळके नळ आणि भिंतीची ओल यांची दुरुस्ती याच काळात होते. संस्थेला कळवावे, नव्या भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी.

सर्वांत नाजूक प्रश्न अनामतीचा. वापराने फिकट झालेला रंग ही नुकसानी नव्हे, फुटलेले बेसिन ही आहे. हा भेद न करता अनामत कापणारा मालक अन्याय करतो. कारण ज्याची अनामत अडकली, त्या नोकरदाराला पुढच्या घराची अनामत भरण्यासाठी उसनवारी करावी लागते. प्रवेशाच्या दिवशीच घरातील वस्तूंची यादी करून दोघांनी सह्या केल्या, तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

कायद्याने ताब्याची हमी दिली आहे. विश्वासाची हमी मालक आणि भाडेकरू यांनीच एकमेकांना द्यावयाची आहे. ती मिळाली, तर उपनगरांतील पुष्कळ कुलपे उघडतील.