'नये' : कोणी? माध्यमिक वर्गातील शासनविषयक मराठीचा एक प्रश्न

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इयत्ता आठवीच्या नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात संसदीय शासनपद्धतीच्या परिचयाबरोबरच अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीचीही ओळख करून देण्यात आली. दोन पद्धती शेजारी ठेवल्या म्हणजे आपली पद्धती अधिक स्वच्छ दिसते, हे खरेच आहे. तथापि मराठी माध्यमाच्या वर्गात हा पाठ चालू असता जी अडचण येते ती बहुधा माहितीची नसते. ती भाषेची असते. आणि तीही अवघड पारिभाषिक शब्दांची नव्हे, तर अतिपरिचित शब्दांची. 'महाभियोग' हा शब्द विद्यार्थी अडखळत का होईना, पण शिकतो. 'अध्यक्ष' हा शब्द त्यास आधीच येत असतो, आणि म्हणूनच तो शिकावयाचा राहून जातो.

कोल्हापुरातील मुलास ठाऊक असलेला अध्यक्ष तालमीचा, तरुण मंडळाचा किंवा जिल्हा परिषदेचा असतो. यापुढे त्यास विधानसभेचे अध्यक्ष भेटतात. या सर्वांत एक गोष्ट समान आहे : सभा किंवा संस्था आधी, आणि तिचा अध्यक्ष मागाहून. अमेरिकेचा अध्यक्ष अशा कोणत्याही सभेचा अध्यक्ष नव्हे. तो तेथील काँग्रेसचा सदस्य नसतो व तिच्यातील बहुमतावर त्याचे पद अवलंबून नसते. ५३८ निर्वाचकांपैकी किमान २७० जणांची मते मिळाली म्हणजे तो निवडून येतो. सिनेटचे अध्यक्षस्थान तर घटनेने उपाध्यक्षास दिले आहे. मराठी वृत्तपत्रांनी 'राष्ट्राध्यक्ष' हा शब्द रूढ करून तो 'राष्ट्रपती'हून निराळा ठेवला, हे त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. हिंदीत दोघेही राष्ट्रपतीच. (१९३० नंतरच्या दशकात 'राष्ट्रपती' ही उपाधी काँग्रेस पक्षाच्या अध्यक्षास लावीत असत, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यास सांगितली तर तो चकित होतो.) 'परराष्ट्रमंत्री' या शब्दाची गत अशीच. आपला मंत्री सहा महिन्यांच्या आत संसदेच्या कोणत्या तरी सभागृहाचा सदस्य व्हावा लागतो. अमेरिकेत मंत्रिपद स्वीकारणाऱ्यास काँग्रेसचे सदस्यत्व सोडावे लागते. एका वर्गात पाठ पाहावयास बसलो असता एका मुलीने विचारले, "सर, तिकडेही काँग्रेसच निवडून येते का?" वर्ग हसला. वस्तुतः प्रश्न हसण्यासारखा नव्हता. '१७८७ ची घटना' असे फळ्यावर लिहिल्यावर ती प्रसंग या अर्थाने घ्यावयाची की राज्यघटना या अर्थाने, हेही मुलांना कोणी सांगितले नव्हते.

शब्दांच्या या अडचणी चांगला शिक्षक अर्ध्या तासात दूर करू शकतो. अधिक खोल अडचण पाठ सुरू होण्यापूर्वीच भिंतीवर लिहिलेली असते. अमेरिकेतील माध्यमिक शाळांत इतिहासाचा किंवा शासन या विषयाचा शिक्षक सत्राच्या आरंभी वर्गाकडून असलेल्या अपेक्षांचे एक पत्रक देतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्यावर विद्यार्थ्याची व पालकांची सही घेतली जाते. आपल्याकडे पत्रकाऐवजी फलक असतो : 'वर्गात बोलू नये', 'बाकांवर लिहू नये', 'पुस्तके फाडू नयेत'. या वाक्यांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. 'नये' हे मुळात 'न ये', म्हणजे येत नाही, योग्य होत नाही. त्याचे वचन कर्त्याप्रमाणे बदलत नाही, कर्माप्रमाणे बदलते. एका मुलाने फाडोत की शंभर मुलांनी, पुस्तके 'फाडू नयेत'. कर्ता असलाच तर 'मुलांनी' असा तृतीयेत येतो, आणि क्रियापदावर त्याचा अधिकार नसल्यामुळे तो सहज गळून पडतो. मनाई करणारा तर वाक्यात कोठेच नसतो. परिणामी नियम जणू भिंतीनेच केला आहे असे वाटते, आणि तो कोणासाठी हे सांगावे लागत नाही. लहानांसाठी, हे गृहीतच असते.

दहा वर्षे हा फलक वाचलेला विद्यार्थी मूलभूत हक्कांकडे वळतो तेव्हा तो तेथेही आपल्यासाठी केलेली मनाईच शोधतो. अमेरिकेच्या १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत मनाई आहे खरी, परंतु ती काँग्रेसला आहे : भाषणस्वातंत्र्याचा संकोच करणारा कायदा तिने करू नये. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्येही हक्क हिरावून घेणारा कायदा करण्यास राज्यास बंदी आहे. म्हणजे 'नये' तेच, परंतु तृतीयेतील कर्ता बदललेला. आणि सारा पाठ त्या एका तृतीयेत आहे. उत्तरपत्रिकेत मात्र 'नागरिकांनी हक्कांचा गैरवापर करू नये' हेच वाक्य पुनःपुन्हा भेटते.

वर्गातील नियम आणि राज्यघटना या दोन गोष्टी परस्परांपासून दूर आहेत असे समजण्याचे कारण नाही. डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकेतील दे मॉइन शहरात व्हिएतनाम युद्धाचा निषेध म्हणून दंडास काळी फीत बांधून आलेल्या विद्यार्थ्यांना शाळेने घरी पाठविले. १९६९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी असा निर्णय दिला की शाळेच्या दारात विद्यार्थ्याचे भाषणस्वातंत्र्य संपत नाही. अध्यापनात मोठा व्यत्यय आल्याखेरीज शाळेस ते रोखता येणार नाही. आपल्याकडे केरळात १९८५ साली राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहिलेली, परंतु धर्मश्रद्धेमुळे ते न गाणारी तीन भावंडे शाळेतून काढण्यात आली. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यावयास लावले. दोन्ही प्रसंगी प्रश्न असा होता की 'नये' कोणी म्हणावे आणि ते कोणाला लागू पडावे. नागरिकशास्त्राच्या तासाला याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण.

कर्त्याचा प्रश्न एकदा जागा झाला म्हणजे सर्वनामाकडेही पाहावे लागते. ऐकणाऱ्यास वगळणारे 'आम्ही' आणि त्यास सामावून घेणारे 'आपण' असा भेद मराठीत आहे. इंग्रजीत तो नाही, हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, आणि आपल्या शेजारच्या आजच्या कानडीतही उरलेला नाही. आपल्या उद्देशिकेचा मराठी पाठ 'आम्ही'ने सुरू होतो. जाहीर घोषणेस ते रूप शोभते, शिवाय 'आपण' हे आदरार्थी द्वितीयपुरुषीही असल्यामुळे घोटाळा झाला असता. परंतु वर्गात ऐकणाऱ्या मुलास ते 'आम्ही' मोठ्यांचे वाटते. अमेरिकेच्या घटनेतील सर्वनाम मराठीत आणताना तर भाषांतरकारास इतिहासाचाच निवाडा करावा लागतो. १७८७ च्या संहितेने प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामांची गणना तीन-पंचमांश केली. गुलामगिरी १८६५ साली संपली. लिंगभेदामुळे मताधिकार नाकारण्यास मनाई झाली ती १९२० साली. त्या काळापुरते तेथे 'आम्ही'च लिहिणे प्रामाणिकपणाचे. १८७३ साली जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांस अर्पण केला. आठवीच्या मुलांना अमेरिकेचा इतिहास परका वाटू नये अशी इच्छा असेल तर त्या अर्पणपत्रिकेपासून आरंभ करण्यास काहीच हरकत नाही. तो ग्रंथ प्रश्नोत्तररूपाने लिहिलेला आहे, हेही वर्गास सोयीचेच.

वर उल्लेखिलेल्या वर्गात शिक्षकांनी पुढच्या आठवड्यात एक प्रयोग केला. फलकावरील प्रत्येक वाक्यात कर्ता भरावयाचा, आणि जमल्यास ते 'आपण'ने सुरू करून पुन्हा लिहावयाचे. 'बोलू नये'चे 'आपण एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याने बोलू' असे झाले. 'आपण'मध्ये शिक्षकही येतात का, यावर बराच वाद झाला आणि अखेर ते येतात असे ठरले. एका मुलाने 'नये' तसेच ठेवून निराळाच कर्ता घातला : 'सरांनी घंटा झाल्यावर शिकवू नये.' शिक्षकांनी ते वाक्य फलकावर राहू दिले, आणि पुढच्या तासाला घंटा होताच खडू खाली ठेवला.